हिरवं बटण

सभागृहात कुणीही पाच मिनिटांहून जास्त बोलायचं नाही, असा प्रस्ताव आला आणि खासदारसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. विरोध करायला ते जे उभे राहिले, ते पन्नास मिनिटं बसलेच नाहीत. अध्यक्षांनी तीनदा घंटा वाजवून पाहिली. पण आज वर सज्जात पत्नी पहिल्यांदाच भाषण ऐकायला आलेली, त्यामुळे साहेबांना भलताच चेव चढला होता.

मग मतदान झालं. घशाला पडलेली कोरड घालवायला साहेबांनी एका हातानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं लाल सोडून हिरवं बटण दाबलं. प्रस्ताव एका मतानं मंजूर!

परतताना गाडीत ते अगदी रडकुंडीला आले होते.

"भाषण एक आणि मत भलतंच! लोक तोंडात शेण घालतील गं. उद्या सकाळीच लेखी दुरुस्ती देतो. निदान नोंदीत तरी माझा विरोध राहू दे."

"कशाला उगाच?" पत्नी त्यांचा हात थोपटत म्हणाली. "पहिली पाच मिनिटं मीसुद्धा तुमच्याच बाजूची होते."