पाच छर्रे

लेकीला दूरच्या नेमबाजी केंद्रात राहायला पाठवायचा अर्ज आठवडाभर बापाच्या खिशात सहीवाचून चुरगळत होता. “आधी तुझी बंदूक सरळ मारते का बघू,” तो म्हणाला. कारखान्यात लेथ मशीनवर त्याची उभी हयात गेलेली. घट्ट आवळलं की काही हलत नाही, यावर त्याची श्रद्धा. त्यानं तिची स्प्रिंगवाली छर्र्यांची बंदूक वाइसच्या लोखंडी जबड्यात करकचून बसवली नि पाच छर्रे झाडले. पुठ्ठ्यावर पाच भोकं पाच दिशांना पडली. “भंगार आहे. कुठे जायचं नाही.” लेकीनं बंदूक सोडवली. “बाबा, स्प्रिंग सुटताना ही उसळणारच. आवळलं की बिथरते.” तिनं बंदूक उघड्या तळहातावर नुसती टेकवली आणि पाच छर्रे मारले. भोक एकच, बापाची करंगळीही त्यात जाईना. त्यानं खिशातून अर्ज काढून सही केली. पेन मात्र इतकं आवळलं होतं, की कागदाला भोक पडलं.