कळसाडीचा पिंगळा

कापसाच्या भावाचे बोलणे अर्धवट सोडून उत्तमचंद उठला आणि बांधावरच्या बाभळीला दुर्बीण लावून उभा राहिला. कळसाडीच्या लोकांना याची सवय होती.

"काय शे शेटजी, नीलकंठ?" एका शेतकऱ्याने मुद्दाम विचारले.

"नीलकंठच शे," उत्तमचंद म्हणाला. "पन माले पिंगळा दखना शे."

सगळे हसले. शहाद्याच्या बाजारातही त्याची अशीच थट्टा व्हायची. दुकानदाराने नजर ठेवायची ती तराजूच्या काट्यावर, पाखरांवर कशाला? उत्तमचंद हसण्यावारी न्यायचा. खरेदीसाठी छकड्यातून गावोगाव हिंडताना त्याने तापीच्या वाळूतले करकोचे पाहिले, उसातल्या सुगरणी पाहिल्या, डोंगराच्या पायथ्याचे रानकोंबडे पाहिले. सातपुड्यातला रानपिंगळा तेवढा दिसायचा राहिला होता.

खरे तर हे वेड त्याचे नव्हतेच. ते थोरल्या भावाचे, हुकमीचंदाचे. दुकानामागच्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. त्या ढोलीत डोकावताना हुकमा एकदा खाली आपटला आणि त्याचा समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून तो पिंगळ्याचा आवाज काढायचा तेव्हा शेवटी बारीक शीळ वाजायची. "तुझ्या पिंगळ्याला भोक पडलंय," म्हणून उत्तमचंद त्याला चिडवायचा.

डोंगरातून मोळ्या घेऊन येणाऱ्या जालमसिंगाने या दोघांना सांगितले होते की, वर रानात वेगळाच पिंगळा असतो. त्याच्या डोक्यावर ठिपके नसतात आणि तो भर दिवसाही बाहेर पडतो. झाले, भावांची पैज लागली. ज्याला तो आधी दिसेल त्याने दुसऱ्याला पिंगळ्याच्या आवाजात हाक मारायची.

पैज तशीच राहिली. पाखरांपायी दुकान बुडवशील म्हणून वडिलांनी एका संध्याकाळी हुकमाला घराबाहेर काढले. चार दिवसांत अक्कल ठिकाणावर येईल, असा त्यांचा हिशेब. हुकमा परतला नाही. वडील गेले, तरी परतला नाही.

आई, धापूबाई, आता थकली होती. उत्तमचंद फिरून आला की ती विचारायची, "आज कुण दीख्यो?" तो पाखरांची नावे सांगायचा. ती सगळी नावे नीट ऐकून घ्यायची आणि मग तिचा चेहरा पडायचा. उत्तमचंदाला ते बघवत नसे. भाऊ सापडत नाही तर निदान त्याचा पिंगळा तरी आईला सांगता यावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. तो दिसला की आपण हाक मारायची, मग हुकमा कुठेही असला तरी ऐकेल, असे त्याला वेड्यासारखे वाटायचे.

"पिंगळा पाहिजे व्हय?" कापसाची गाठोडी बांधता बांधता कौसाबाई बोलली. हे शेत तिचेच, घरही शेतातच. "मन्हा दारमा येस ना!"

उत्तमचंद गर्रकन वळला. "कव्हय?"

"रोज पहाटे. त्या चिंचखाले बठस, बोलस, आनि उजाडाना पहिले निंघी जास."

"एकटा?"

"एकटाच शे. यंदाच उना. डोंगरकडथून येस."

"बोलस कसा?"

"बाकीना पिंगळासना मायक नही. वायलंच बोलनं शे त्यानं."

उत्तमचंद तिच्या आणखी जवळ सरकला. "आनि डोकं? डोकावर ठिपका शेत का?"

"डोकाले ते साफ..." कौसाबाई सांगू लागली आणि तेवढ्यात तिची म्हैस दावे तोडून कापसाच्या ढिगात शिरली. बाई आरडत तिकडे धावली.

साफ! म्हणजे ठिपके नाहीत. उत्तमचंदाला आणखी काही ऐकायचेच नव्हते. त्याने छकडेवाल्याला शहाद्याला पाठवले, आईला निरोप सांगायला, की आज मुक्काम कळसाडीला.

"मी त्याले सूपभर दाना देस," म्हैस बांधून आल्यावर कौसाबाई कौतुकाने म्हणाली. "तो सांगस ते खरं व्हस, शेटजी. मन्ही पोरनं लगीन त्यानीच सांगं."

उत्तमचंद गालातल्या गालात हसला. पिंगळा उंदीर खातो, सरडे खातो. दाण्यांना तो कशाला तोंड लावील? पण पाखराच्या बोलण्यातून भविष्य ऐकणाऱ्या भोळ्या बाईशी वाद कोण घालणार?

पहाटे धुके पडले होते. गोठ्याच्या कुडाआड घोंगडी पांघरून उत्तमचंद बसला होता. थंडीने दात वाजत होते. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते आता काही हातांवर होते आणि त्याला एकाएकी रडू येऊ लागले. हुकमा इथे शेजारी हवा होता.

चिंचेकडून आवाज आला. चिर्र... चिर्र...

कुत्री भुंकू लागली आणि पुढचे ऐकूच आले नाही. उत्तमचंदाने दुर्बीण डोळ्यांना लावून फांदी न् फांदी धुंडाळली. शेंगा होत्या, धुके होते. पाखरू कुठेच नव्हते.

दार वाजले. कौसाबाई सूप घेऊन बाहेर आली.

"वर काय दखतस, शेटजी? खाले दखा. उना पिंगळा."

उत्तमचंदाने दुर्बीण खाली घेतली. चिंचेखाली कंदील होता. अंगात ठिगळांचा पायघोळ अंगरखा, डोक्याला साफा, खांद्याला झोळी. दारोदार भविष्य सांगत फिरणारा पिंगळा कौसाबाईच्या घराकडे तोंड करून उभा होता. त्याने हातातले डमरूसारखे कुडमुडे थांबवले, तोंडाशी हात नेला आणि पाखराच्या आवाजात पुन्हा हाक घातली. हाकेच्या शेवटी बारीक शीळ वाजली.