बाहेरचं पान

संदीपने तो कामाला होता त्या ठाण्याच्या हॉटेलातून आणलेलं थाइमचं रोप त्याची आई धोंडीबाई मोखाड्याच्या पाड्यावर जिवापाड जपत होती. विलायती मसाल्याचा पाला; वास ओव्यासारखा, पण पानं मुंगीएवढी. पावसात मुळं कुजू नयेत म्हणून ती रोपाचा डबा पत्र्याखाली सरकवायची. आणि दर सणाला उडदाच्या आमटीत ती पानं टाकून, दुबईला गेलेल्या लेकाचं ताट घरात वाढून ठेवायची.

दुबईचं खोटंच योगितानं, सुनेनं, सांगितलं होतं. ती एकटीच ठाण्याला जाऊन नवऱ्याला अग्नी देऊन आली होती. म्हातारी खचेल म्हणून गप्प राहिली होती.

आजच्या सणाला घरात ताट नव्हतं. योगितानं बाहेर डोकावलं. कुंपणापाशी, जिथे घरातल्या मेलेल्यांना घास ठेवतात, तिथे पळसाच्या पानावर भात, आमटी आणि वर थाइमची कोवळी काडी होती.

"आई, हे कुणाला?" तिनं विचारलं.

"संदीपला. सपनात येऊन दाराशी उभा राहतो. आतलं ताट मेलेल्याला शिवता येत नाही गं," धोंडीबाई म्हणाली. "तू सांगितलं नाहीस, अन् माझा पोर इतके सण उपाशी राहिला."