तळाची पायरी

सदर भागातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लतिकाचा प्रोग्राम थांबता थांबेना. कोडं साधंच होतं: एकेक किंवा दोन-दोन पायऱ्या घेत जिना किती तऱ्हांनी चढता येईल? प्रोग्राममध्ये वरची पायरी उत्तरासाठी खालच्यांना विचारत होती, त्या आणखी खालच्यांना.

"तळाच्या पायरीनं कोणालाही न विचारता उत्तर द्यायचं," सर म्हणाले. "आणि एकदा मिळालेलं उत्तर साठवून ठेवायचं. पुन्हा विचारत बसायचं नाही."

तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुण्याच्या नोकरीला होकार द्यायचा की नकार, हे आजच कळवायचं होतं. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मले काहून विचारून राहिली? काकाले विचार." काकांनी आत्याकडे बोट दाखवलं, आत्यानं आजोबांकडे.

ती महाल भागातल्या घरी पोचली तेव्हा आजोबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. तिचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुह्या बाबाले विचारलं का वं?"

लतिकानं पुन्हा चपला घातल्या आणि पुण्याला होकाराची तार करून आली.

"हो कोणी म्हटलं?" तारेचं ऐकून बाबांनी दारातच विचारलं.

"मी. आता पुन्हा कोणाले विचारत बसू नका, बाबा."