दुसरी तार

बाईंनी आपल्या नवऱ्याने स्वतः बनवलेला हेडफोन अँप्लिफायर नुसतं बटण बदलायला दिला होता. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, तर अर्थिंग दोन ठिकाणी जोडलेलं. म्हणूनच हेडफोन लावला की कानात सतत घूं घूं! एवढ्या सुबक कामात ही बाळबोध चूक पाहून त्याचे हात शिवशिवले. त्याने दुसरी तार कापली. घूं घूं थांबली आणि त्या शांततेत कुणाचा तरी संथ श्वास ऐकू आला. अँप्लिफायरला तर हेडफोनशिवाय काहीच जोडलेलं नव्हतं.

बाई न्यायला आल्या. “तुमची ती घूं घूं घालवली बघा,” तो म्हणाला.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. “अहो, ह्यांनी ती मुद्दाम ठेवली होती! आपलं बोलणं पलीकडे जाऊ नये म्हणून.”

त्याने घाईने हेडफोन कानाला लावला. श्वास थांबला होता. कान टवकारून ऐकताना आपण रोखून धरतो ना, अगदी तसा.