फिटची वाट

चाकूरहून आजीचा सकाळपासूनचा तिसरा फोन आला. "आली का गं?"

"न्हाई आत्याबाई, अजून न्हाई," राजश्री सासूला म्हणाली.

लातूरच्या दवाखान्यातला चौथा दिवस. अकरा वर्षांच्या प्रणिताच्या डोक्याला वायरी चिकटवलेल्या, समोर कॅमेरा आणि गोळ्या डॉक्टरांनीच मुद्दाम बंद केलेल्या. फिट आली तरच ती मेंदूत कुठून उठते ते कळणार होतं, आणि ते कळलं तरच ऑपरेशन होणार होतं. इतकी वर्षं फिट येऊ नये म्हणून देव पाण्यात घालणारी आजी आता ती यावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती!

"शाळेत न बोलवता येती," प्रणिता फुरंगटून म्हणाली, "आन् आता समदे बोलवायलेत, तर नखरे करायली!"

बोलता बोलताच तिचा डावा अंगठा उडायला लागला.

राजश्री झेपावली आणि तिनं लेकीवर पदर पांघरला. लग्नात, एसटीत, शाळेच्या फाटकात, सात वर्षं ती हेच करत आली होती. लोकांनी बघितलं तर उद्या पोरीचं कसं व्हायचं?

"मावशी, सरका! कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही!" सिस्टर ओरडली.

राजश्रीला कळत होतं, पण हात काही निघेना.

झटका खांद्यापर्यंत चढला होता. प्रणितानं उजव्या हातानं पदर धरला आणि ओढून बाजूला केला.

"झाकू नको आई. बघू दे त्यांना, कुठून येती ते."