भट्टीवरची माती

"साहेब, तिथंच थांबा. पाय उचलू नका."

कुमुदिनीबाईंनी हे इतक्या हळू सांगितलं, की माधवराव दिघ्यांना ते नीट ऐकू आलं नाही. ते वळले. बुटाखालची माती किंचित दबली आणि टाचेपाशी धुराची बारीक रेघ वर आली.

खाली कोळशाची भट्टी होती. ग्वाल्हेरजवळच्या मुरारपलीकडच्या त्या सरकारी शेतावर कुमुदिनी मोहिते रसायनशास्त्रज्ञ होत्या. तुराट्या आणि बाभळीच्या फांद्या खड्ड्यात रचायच्या, वरून मातीनं लिंपून हवा कोंडून जाळायच्या, आणि तो कोळसा कुटून ऊसर जमिनीत मिसळायचा, हा त्यांचा प्रयोग. मीठ फुटून पांढरी पडलेली जमीन त्यानं पुन्हा पीक धरते का, ते त्या पाहत होत्या. आतलं लाकूड जळत खाली बसतं, तशी वरच्या मातीखाली पोकळी होते. म्हणून भट्टीभोवती दोरी बांधलेली असे. साहेबांनी ती बोलता बोलता ओलांडली होती. पलीकडच्या वाफ्याकडे जायला ती जवळची वाट वाटली असावी.

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं होतं. शेतकी खातं आता इंदूरला एकत्र व्हायचं होतं, आणि इथलं काय न्यायचं, काय बंद करायचं, ते ठरवायला साहेब तिकडून आले होते. "हे चालू ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही," असं म्हणतच त्यांनी दोरीपलीकडे पाय टाकला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या खाली विस्तव आहे. वरची माती पातळ आहे. आधी खाली बसा, मग आडवे व्हा. सावकाश."

"आडवा होऊ? या मातीत?"

"उभे राहिलात तर सगळा भार एका जागी येतो."

साहेबांनी कोटाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. माती खचली. डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यांनी तो हिसडून बाहेर काढला, पण बूट आतच राहिला. भोकातून लाल उजेड दिसला. मग पुन्हा सांगावं लागलं नाही. ते पालथे पडले आणि तसेच राहिले.

धुराची भोकं कुमुदिनीबाईंनीच सकाळी लिंपायला लावली होती. साहेबांच्या डोळ्यांत धूर जायला नको म्हणून. धूर दिसता तर ते इकडे फिरकले नसते.

चौकीदार कान्होजी संस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेला. तो गोदामाची शिडी घेऊन आला. "बाई, मी जातो."

"तुम्ही वजनदार आहात, कान्होजी. टोक धरा. मी सांगेन तेव्हाच ओढा, एकदम नाही."

शिडी आडवी सरकवली, ती साहेबांच्या खांद्यापर्यंत पोचली. त्यांनी ती धरली नाही. डोळे मिटलेले, बोटं मातीत रुतवलेली. कुमुदिनीबाईंनी पदर खोचला आणि त्या शिडीवर पालथ्या पडल्या. पुढं सरकताना खालची धग लुगड्यातून पोटाला लागत होती. हात लांब केल्यावर साहेबांचं मनगट हाती आलं. ते थंड होतं.

"सरका."

"मला येत नाही," ते म्हणाले. अगदी लहान आवाजात.

"घरी कोण आहे?"

"आई."

"काय म्हणता त्यांना?"

"जिजी."

"जिजींकडे परत जायचंय ना? मग उजवा हात शिडीवर ठेवा. खाली बघू नका, माझ्याकडे बघा."

हात शिडीवर आला. मग दुसरा. "ओढा," बाई म्हणाल्या. शिडी खरखरत मागे आली. दोघांचे पाय काठाला लागतात न लागतात, तोच मागची माती एखाद्या घोंगडीसारखी आत बसली आणि ज्वाळ वर उठली.

साहेब धडपडत पाण्याच्या पिंपाकडे निघाले. "पाणी नको," बाई ओरडल्या. "वाफ अंगावर येईल. माती टाका. हवा लागली की सगळ्याची राख होईल." कान्होजीनं फावडं घेतलं, बाईंनी घमेलं. एका पायात बूट, एका पायात मोजा, अशा अवस्थेत साहेबही ओंजळीनं माती ढकलू लागले. बऱ्याच वेळानं ज्वाळ दबली.

तिघंही तिथंच बसले. साहेबांनी दबलेल्या भट्टीकडे पाहिलं.

"कोळसा किती वाचला?"

"अर्धा असेल."

"तेवढ्यात होईल काही?"

"एका वाफ्यात गहू पेरता येईल. एक हंगाम."

"खातं हलवायचा हुकूम मी फिरवू शकत नाही, बाई. पण गहू निघेपर्यंत इथलं काही हलवू नये, असं लिहितो." त्यांनी मोज्यावरची माती झटकली. "तोवर माझीच खुर्ची राहील का, ते मला कुणी सांगितलेलं नाही."

ते उठले आणि मोटारीकडे निघाले. पक्की सडक होती. तरी प्रत्येक पाऊल ते आधी टेकवून पाहत, मगच त्यावर भार देत.

मोटार गेली. कान्होजी म्हणाला, "चला बाई, हात-पाय धुऊन घ्या. चाय मांडतो."

"तुम्ही व्हा पुढं."

तो गोदामात जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. समोर रोजची पायवाट होती, बैलांच्या खुरांनी घट्ट झालेली. त्यांनी पाय उचलायचं मनात आणलं. पाय उचलेना.